जमैकाच्या जुन्या तबकड्या आणि संग्राहकाचें कर्तव्य

संग्रह करणें आणि समीक्षण करणें हे दोन निराळे उद्योग आहेत, असें आपण सामान्यतः समजतों. एकानें वेंचावें आणि दुसऱ्यानें तोलावें, अशी ही वाटणी आहे. परंतु थोडा विचार केला असतां असें दिसून येईल कीं, वेंचणें हेंही एक प्रकारचें तोलणेंच होय. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनीं १८५४ सालीं ‘नवनीत’ प्रसिद्ध केलें, तेव्हां मराठी कवितेवर टीकाग्रंथ लिहिण्याचा त्यांचा हेतु नव्हता. तथापि कोणत्या कवीचे कोणते वेंचे पुढील पिढ्यांच्या कानांवर पडावेत हें त्या पुस्तकानें पुष्कळ अंशीं ठरविलें, आणि एवढ्यानें तें एका मोठ्या टीकाग्रंथाचें काम करून गेलें. जी गोष्ट कवितेची, तीच गाण्याची. फरक इतकाच कीं, कवितेची पोथी कोठें तरी बासनांत राहते. गाण्याची तबकडी मात्र झिजते, फुटते, आणि तिच्याबरोबर गाणाराचा आवाजही नाहींसा होतो.

हा विचार आम्ही येथें मांडीत आहों तो वेस्ट इंडीजमधील जमैका बेटाच्या संगीतासंबंधानें. क्रिकेटच्या निमित्तानें ह्या बेटाचें नांव आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे, आणि बॉब मार्ले ह्या गायकाची कीर्तिही इकडे पोंचलेली आहे. परंतु मार्ले हा एका मोठ्या वृक्षाचा लांबून दिसणारा शेंडा होय. त्या वृक्षाचा सारा विस्तार पाहावयाचा असेल, तर गेल्या चाळीस वर्षांत लंडन, मँचेस्टर, टोकियो आणि अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील लहान लहान प्रकाशकांनीं जुन्या गाण्यांचे जे संग्रह काढले, त्यांकडे वळलें पाहिजे. हे संग्रह निघाले नसते तर रेगे संगीताचा फार मोठा भाग आज कोणास ऐकावयासही मिळाला नसता. त्यांचे उपकार मोठे आहेत. आणि म्हणूनच त्यांची परीक्षाही कसून झाली पाहिजे.

प्रथम हीं गाणीं दुर्मिळ कां झालीं तें पाहूं. जमैका ६ ऑगस्ट १९६२ रोजीं स्वतंत्र झाली. १९७० च्या सुमारास त्या बेटाची लोकसंख्या वीस लाखांच्या आंत होती. एवढ्याशा देशांत स्का, मागून १९६६ च्या सुमारास रॉकस्टेडी, आणि १९६८ पासून रेगे, अशा तीन शैली एकीमागून एक जन्मास आल्या, व त्यांतून हजारों लहान तबकड्या बाहेर पडल्या. ह्या तबकड्या सात इंची, मिनिटास ४५ फेरे घेणाऱ्या. त्यांतील कित्येकांच्या प्रती अवघ्या कांहीं शेंकडे निघत. गाणें गाजलें तर आणखी छापावयाचें, न गाजलें तर तें तेथेंच संपलें, असा सगळा व्यवहार. पुढील पिढीसाठीं कांहीं जपून ठेवावयाचें आहे ही कल्पनाच त्या धांदलीत कोणाच्या मनांत नव्हती. टेप महाग असल्यामुळें एका गाण्यावर दुसरें गाणें चढविलें जाई. आणि जलशासाठीं म्हणून एकच प्रत कोरलेली मऊ तबकडी कांहीं थोड्या वेळां वाजविली कीं झिजून निकामी होई.

ह्याहूनही एक कारण विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे. किंग्स्टन शहरांत त्या काळीं करमणुकीचें मुख्य साधन म्हणजे ‘साउंड सिस्टिम’. उघड्या अंगणांत मोठमोठे कर्णे रचावयाचे, तबकड्या लावावयाच्या, आणि लोकांनीं रात्रभर नाचावयाचें, असा तो थाट असे. क्लेमंट डॉड ऊर्फ कॉक्सन, ड्यूक रीड, प्रिन्स बस्टर हे ह्या जलशांचे नामांकित धनी. स्वतः गाणीं ध्वनिमुद्रित करूं लागण्यापूर्वीं ते अमेरिकन तबकड्यांवर अवलंबून असत. आणि आपल्या हातीं कोणतें गाणें आहे हें प्रतिस्पर्ध्यास कळूं नये म्हणून ते तबकडीवरील लेबल खरवडून टाकीत. डॉडच्या जलशाची ओळख बनलेली ‘कॉक्सन हॉप’ ही चीज वास्तविक विलिस जॅक्सन ह्या अमेरिकन वादकाची होती. तिचें खरें नांव ‘लेटर फॉर द गेटर’. म्हणजे जमैकाच्या ह्या व्यवसायाचा पायाच मुळीं नांव पुसण्यावर घातलेला होता. पुढें स्वतःच्या तबकड्या निघूं लागल्यावरही ही खोड गेली नाहीं. कोऱ्या पांढऱ्या लेबलांच्या प्रती बाजारांत येत. त्यांवर ना गाणाराचें नांव, ना वादकाचें, ना सालाचा पत्ता. एकच नांव मात्र बहुधा ठळकपणें छापलेलें आढळे, आणि तें म्हणजे पैसे घालणाऱ्या निर्मात्याचें.

आमच्या मतें संग्राहकाचें कर्तव्य येथूनच निश्चित होतें. जें लेबल खरवडलें गेलें तें पुन्हां चिकटविणें हेंच तें कर्तव्य. दुर्मिळ तबकडी हुडकून काढणें हें त्याच्या कामाचें अर्धें अंगही नव्हे. गाणें कोणीं गाइलें, कोणीं वाजविलें, कोठें व केव्हां तें मुद्रित झालें, आणि त्याचा मोबदला कोणास मिळावयास पाहिजे, एवढ्या प्रश्नांचीं उत्तरें जो संग्रह देतो तो इतिहास होय. जो देत नाहीं तो केवळ माल होय. ह्या कसोटीवर कांहीं प्रसिद्ध संग्रह आम्ही लावून पाहतों.

अगदीं पहिल्या संग्रहांना जुनीं गाणीं जतन करावयाचीं नव्हतीं. इंग्लंडांत स्थायिक झालेल्या वेस्ट इंडियन लोकांसाठीं ट्रोजन कंपनीनें १९६९ पासून ‘टायटन अप’ ही माला स्वस्त किंमतींत काढली. तिच्यांत तत्कालीन लोकप्रिय गाणीं एकत्र केलेलीं असत. १९७२ सालच्या ‘द हार्डर दे कम’ ह्या चित्रपटाच्या तबकडीनेंही तेंच केलें. १९६७ पासूनचीं निवडक गाणीं तिनें जिमी क्लिफच्या गाण्यांबरोबर बाहेरच्या जगापुढें ठेवलीं. ह्या संग्रहांनीं श्रोता निर्माण केला, हें त्यांचें श्रेय. मात्र इंग्लंडमधील धंद्याच्या सोयीसाठीं मूळ गाण्यांवर व्हायोलिनांचा साज चढविण्याची पद्धति ह्याच काळांत पडली. बॉब आणि मार्शिया ह्या जोडीचें १९७० चें ‘यंग, गिफ्टेड अँड ब्लॅक’ हें तिचें प्रसिद्ध उदाहरण. तो साज कित्येकांना गोड वाटतो. पण किंग्स्टनमध्यें काय वाजलें आणि लंडनमध्यें त्यांत काय मिसळलें, हें संग्राहकानें श्रोत्यास सांगितलेंच पाहिजे.

ऐतिहासिक दृष्टीनें केलेला पहिला भव्य प्रयत्न म्हणजे १९९३ सालीं आयलंड कंपनीनें काढलेला ‘टफर दॅन टफ’ हा चार सीडींचा संग्रह. स्टीव्ह बॅरो ह्या इंग्रज अभ्यासकानें त्यांत ९५ गाणीं कालक्रमानें लावलीं. त्याचा आरंभ फोक्स बंधूंच्या ‘ओ कॅरोलिना’ ह्या गाण्यानें होतो आणि शेवट शॅगी ह्या तरुण गायकानें नव्या रीतीनें म्हटलेल्या त्याच गाण्यानें होतो. ही योजना आम्हांस अत्यंत मार्मिक वाटते. मूळ गाण्यांत काउंट ऑसीच्या रास्ताफारी मंडळींचे ढोल आहेत. त्या काळीं ज्या पंथाकडे बेटांतील प्रतिष्ठित समाज तुच्छतेनें पाहत असे, त्याचा ठेका तबकडीवर उमटला. आणि तीस-बत्तीस वर्षांनीं तेंच गाणें १९९३ मध्यें इंग्लंडच्या लोकप्रियतेच्या यादींत पहिल्या क्रमांकावर चढलें. मधल्या काळांत ह्या संगीतानें केवढी मजल मारली तें सांगावयास बॅरोला निराळा निबंध लिहावा लागला नाहीं. दोन टोकांना दोन गाणीं ठेवल्यानें तें काम झालें. संग्रह हेंच समीक्षण, असें जें आम्हीं आरंभीं म्हटलें त्याचें ह्याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण.

पण ह्याच गाण्याची दुसरीही एक कथा आहे. नवी तबकडी गाजल्यावर मूळ गाणें कोणाचें ह्याचा वाद लंडनच्या न्यायालयांत गेला. निर्माता प्रिन्स बस्टर यानें कर्तृत्वाचा हक्क सांगितला होता. १९९४ मध्यें न्यायालयानें निर्णय दिला तो जॉन फोक्स ह्या गायकाच्या बाजूनें. नांव पुसलें जाणें ही केवळ भावनेची बाब नाहीं, त्यांत पोटाचा प्रश्न गुंतलेला असतो, हें ह्यावरून स्पष्ट होतें. जमैकांत १९९३ पर्यंत १९११ चा जुना ब्रिटिश कायदाच ह्या बाबतींत चालू होता. गाणाराला हातावर ठराविक रक्कम ठेवावयाची, आणि पुढें तें गाणें सातासमुद्रांपलीकडे गेलें तरी त्याला खबर नसावयाची, अशी वहिवाट पडली होती. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण आपल्याकडची खरी. पण तिचीं उदाहरणें किंग्स्टनमध्यें हवीं तितकीं मिळतील.

बॅरोनेंच पुढें मँचेस्टरच्या ‘ब्लड अँड फायर’ ह्या संस्थेच्या द्वारें निराळ्या प्रकारचें काम केलें. १९९४ मध्यें निघालेला ‘इफ डीजे वॉज युअर ट्रेड’ हा संग्रह घ्या. ‘डीजे’ ह्या शब्दाचा जमैकांतील अर्थ तबकड्या लावणारा असा नसून, वाजणाऱ्या चालीवर उत्स्फूर्तपणें बोलणारा असा आहे. कीर्तनकार जसा ठेक्यावर गद्य-पद्याची सरमिसळ करीत श्रोत्यांस खेळवितो, कांहींसा तसाच हा प्रकार. बनी ली ह्या निर्मात्यानें तयार केलेले आणि किंग टबी ह्या यंत्रकुशल पुरुषाच्या खोलींत १९७४ ते १९७७ ह्या काळांत मुद्रित झालेले डिलिंजर, प्रिन्स जाझबो, टॅपर झुकी इत्यादिकांचे बोल ह्यांत एकत्र आले आहेत. ह्या संग्रहाचा गुण असा कीं, त्यानें कालखंड लहान घेतला, स्थळ एकच घेतलें, आणि त्यामुळें श्रोत्यास एका कार्यशाळेचें अंतरंग दिसलें. किंग टबीचें खरें नांव ऑस्बोर्न रडक. गाण्यांतून आवाज काढून घ्यावयाचा, ढोल व बास पुढें आणावयाचे, मधूनच एखादा शब्द प्रतिध्वनींत विरून जाऊं द्यावयाचा, ही ‘डब’ नांवाची कला त्याच्या हातून पूर्णत्वास गेली. ६ फेब्रुवारी १९८९ रोजीं त्याच्या राहत्या घराबाहेर त्याचा गोळी घालून खून झाला. त्याच्या कलेची थोरवी बाहेरच्या जगाला मुख्यतः त्याच्या मागून निघालेल्या संग्रहांवरून कळली.

आतां लंडनच्या ‘सोल जॅझ’ ह्या संस्थेकडे वळूं. १९९८ मध्यें तिनें ‘हंड्रेड पर्सेंट डायनामाइट’ हा संग्रह काढला, आणि त्याच्या यशानंतर दोनशें टक्के, तीनशें टक्के अशी मालाच सुरू केली. ह्या संग्रहांची गोडी आम्ही नाकारीत नाहीं. अमेरिकन सोल संगीताचा जमैकाच्या वादकांवर काय परिणाम झाला तें त्यांत कानाला सहज पटतें, आणि नाचावयास तर पायांना आमंत्रणच मिळतें. परंतु येथें स्का, रॉकस्टेडी, रेगे हीं सारीं एका पंक्तीला बसविलीं आहेत. कालक्रमाचा धागा सुटल्यामुळें, कोणती चाल आधींची व कोणती तिच्यावरून घडलेली, हें नवख्याला उमगत नाहीं. उत्तम गाण्यांची मेजवानी म्हणून हा संग्रह पहिल्या प्रतीचा. इतिहास म्हणून दुसऱ्या प्रतीचा.

उलट २००६ मध्यें निघालेला अल्फा बॉइज स्कूलविषयींचा संग्रह आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. किंग्स्टनमधील ही शाळा कॅथलिक जोगिणी चालवीत. गरीब व निराश्रित मुलांना तेथें हातोद्योगांबरोबर बँडांतील वाद्यें शिकवीत. १९६४ मध्यें स्थापन झालेल्या ‘स्काटलाइट्स’ ह्या विख्यात वादकसंघांतील टॉमी मॅकुक, डॉन ड्रमंड, जॉनी मूर आणि लेस्टर स्टर्लिंग हे चौघे ह्याच शाळेंत वाढले. ड्रमंडच्या ट्रॉम्बोनमधील करुण स्वर एकदां ऐकला तर विसरत नाहीं. आणि १९६५ मध्यें प्रेयसीच्या खुनाच्या आरोपाखालीं त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळांत होऊन १९६९ मध्यें तेथेंच त्याचा अंत झाला, हें कळल्यावर तर तो स्वर आणखीच खोल जातो. ‘जमैकाचें संगीत रस्त्यावर आपोआप उगवलें’ ही समजूत ह्या संग्रहानें खोडून काढली. शिस्त, शिक्षक आणि स्वरलेखन ह्यांचा त्या संगीताच्या जडणघडणींत केवढा वांटा होता, तें त्यानें शाळेचें नांव मथळ्यावर घालून दाखविलें. लेबल परत चिकटविणें तें हेंच.

संग्राहकांच्या ह्या मोठ्या कार्यांत एक उणीव मात्र आम्हांस वारंवार जाणवते. इंग्लंडांतील रसिकांना १९७० नंतरचें धीरगंभीर, धर्मभावनेनें भारलेलें रेगे आणि डब विशेष प्रिय. त्यामुळें संग्रहांचा ओघ तिकडेच फार वाहिला. जमैकाच्या लोकांना स्वतःला प्रेमगीतें, भक्तिगीतें, अमेरिकन वळणाचीं हळवीं गाणीं हींही तितकींच आवडत असत. त्यांच्या वांट्यास थोडीच पानें आलीं. स्त्रियांचीही तीच गत. फिलिस डिलन, मार्शिया ग्रिफिथ्स यांचे आवाज, आणि पुरुषांच्या ह्या बाजारांत स्वतःच्या हिमतीवर निर्माती म्हणून उभी राहिलेली सोनिया पॉटिंजर, ह्यांना जें स्थान मिळावयास पाहिजे तें अजूनही मिळालेलें नाहीं. डॉन पेन ह्या गायिकेनें १९६७ च्या सुमारास डॉडच्या ‘स्टुडिओ वन’मध्यें एक गाणें मुद्रित केलें, तेंच तिनें पुन्हां गाइलें तेव्हां, १९९४ मध्यें, तें जगभर गाजलें. मधलीं पंचवीसहून अधिक वर्षें तिची आठवण बाहेरच्या जगांत किती जणांनीं ठेविली होती? वेंचणाऱ्याची रुचि हाच जर इतिहास ठरला, तर अशीं माणसें दोनदां हरवतात. एकदां बाजारांत, आणि दुसऱ्यांदां संग्रहांत.

दुर्मिळतेचें वेड हें ह्या उणिवेचें दुसरें कारण होय. ज्या तबकडीच्या दोन-चारच प्रती उरल्या तिची किंमत चढते, आणि चढलेली किंमत हाच तिचा गुण असें हळूहळू वाटूं लागतें. नाण्यांच्या बाबतींत हें ठीक असेल. गाण्यांच्या बाबतींत तो भ्रम आहे. कांहीं गाणीं दुर्मिळ झालीं तीं त्यांच्यांत कांहीं नव्हतें म्हणून. उलट कांहीं थोर गाणीं केवळ निर्मात्याच्या अरसिकतेनें फळीवर पडून राहिलीं. ‘सट्टा मासागाना’ हें अॅबिसिनियन्स ह्या त्रयीचें गाणें १९६९ मध्यें स्टुडिओ वनमध्यें मुद्रित झालें, पण डॉडनें तें प्रसिद्ध केलें नाहीं. शेवटीं गायकांनींच १९७१ मध्यें ‘क्लिंच’ ह्या आपल्या छापाखालीं तें काढलें, आणि आज तें रेगेमधील स्तोत्रच मानलें जातें. कोणतें अपयश न्याय्य व कोणतें अन्याय्य, हा विवेक करणें म्हणजेच रसिकता. तो विवेक सोडून जो केवळ ‘पूर्वीं कोणीं न ऐकलेलें’ एवढीच जाहिरात करतो, तो संग्राहक नव्हे, दलाल होय.

कोणी म्हणेल कीं, आतां हा सारा खटाटोप कशाला? मोबाइलवर बोट ठेवतांच हजारों जुनीं गाणीं ऐकावयास मिळतात. आमचें उत्तर असें कीं, ह्याच कारणामुळें संग्राहकाची गरज वाढली आहे. तेथें गाणें मिळतें, पण वादकांचीं नांवें बहुधा मिळत नाहींत. साल दिलेलें असलें तर तें पुष्कळदां पुनःप्रकाशनाचें असतें. कुशल संग्राहक जुन्या तबकडीच्या मध्यभागाजवळ खरडलेला आंकडा वाचून ती केव्हांची तें ठरवितो. प्रत वेगानें फिरवून उतरविल्यामुळें गायकाचा आवाज कृत्रिम रीतीनें उंचावला असेल तर तो मूळ पट्टीवर आणतो. हयात वादकांस गांठून कोणी काय वाजविलें तें विचारतो. हीं कामें यंत्र आपण होऊन करीत नाहीं. एक उदाहरण देतों. १९८२ मध्यें म्युझिकल यूथ ह्या मुलांच्या संघाचें ‘पास द डची’ हें गाणें इंग्लंडांत पहिल्या क्रमांकावर गेलें. त्याच्या बुडाशीं असलेली चाल ‘फुल अप’ ह्या स्टुडिओ वनमधील जुन्या वाद्यगीताची, आणि तिच्यांतील बास वाजविणारा लेरॉय सिबल्स. जगानें ज्या चालीवर ताल धरला ती ज्याच्या बोटांतून निघाली, त्याचें नांव किती श्रोत्यांस ठाऊक होतें?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एका गरीब बेटाचें संगीत परक्यांनीं गोळा करावें, परक्यांनीं निवडावें, आणि परक्यांनींच विकावें, हें कितपत योग्य? ह्या आक्षेपांत तथ्य आहे. २०१८ मध्यें युनेस्कोनें जमैकाच्या रेगे संगीताचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत समावेश केला, ही गोष्ट गौरवाची खरी; पण वारसा ज्यांचा, त्यांच्या घरीं त्याच्या मूळ टेपा व कागद सुरक्षित असणें हें त्याहून महत्त्वाचें. तथापि परक्यांना सरसकट दोष देणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. बेटावर ज्या तबकड्या टाकाऊ ठरल्या, त्या कित्येकदां ह्याच परक्यांनीं विकत घेऊन, पुसून, जपून ठेविल्या. प्रश्न आपला कीं परका हा नव्हे. घेणाऱ्यानें काय परत केलें, हा प्रश्न आहे. ज्यानें गायकाशीं अगर हक्कदाराशीं रीतसर करार केला, त्याचा वांटा त्याला दिला, आणि पुस्तिकेंत वादकांचीं नांवें छापलीं, तो परका असूनही त्या संगीताचा सेवक ठरतो. ज्यानें हें केलें नाहीं तो किंग्स्टनमध्यें जन्मलेला असला तरी लेबल खरवडणाऱ्यांच्याच पंगतीचा.

म्हणून आमच्या वाचकांपैकीं कोणास ह्या संगीताची गोडी लागली, तर त्यांस आमची एवढीच सूचना कीं, संग्रह घेतांना प्रथम त्याची पुस्तिका उघडावी. तींत नांवें आहेत काय, सालें आहेत काय, वाजविणारांची दखल आहे काय, हें पाहावें. आणि मग सुई ठेवावी. गाणें कानाला तेवढेंच गोड लागेल. परंतु पन्नास वर्षांपूर्वीं किंग्स्टनच्या एका कोंदट खोलींत ज्यानें तें गाइलें, तो माणूसही आपल्यापुढें नांवानिशीं उभा राहील. एवढें ज्या संग्रहानें साधलें, त्याला आम्ही चांगली टीका म्हणतों.